वाढत्या अंगाची सायकल

प्रल्हाददादांच्या सुजाताचा फोन आला तेव्हा मी वसईच्या घरी मासे साफ करत होते. "मावशी, बाबा गेले," एवढंच ती म्हणाली. त्याला आता महिना होऊन गेला. प्रल्हाददादा नात्याने माझे कुणीच नव्हते. मी वसईची ख्रिस्ती, ते अकोल्याकडचे बौद्ध. मी बहारीनच्या एका इस्पितळात रिसेप्शनवर, ते तिथेच एसी मेकॅनिक. पण नव्वदच्या दशकात तिकडे नातं जुळायला दोघांची मराठी पुरेशी होती. दर शुक्रवारी ते जिदहफ्स भागातल्या आमच्या घरी जेवायला यायचे आणि माझ्या कालवणाला नावं ठेवत दोनदा भात मागून घ्यायचे.

घर सोडून तिथे राहिलेल्या बापांना मुलांची मापं पत्रातून यायची. चपलेसाठी कागदावर काढलेलं पाऊल, उंचीसाठी दोरा. रजा दोन वर्षांनी एकदा. मधल्या काळात मूल किती वाढलं ते त्या पाकिटातूनच कळायचं. त्या वर्षी वहिनींच्या पत्रातून पांढरा दोरा आला. गावची शाळा सातवीपर्यंतच होती, आठवीची शाळा दोन कोसांवर. सुजाताच्या आजीने हुकूम सोडला होता की पोरगी एवढं अंतर पायी तुडवणार नाही, घरीच बसेल. त्यावर दादांनी शब्द दिला होता, मे महिन्याच्या रजेत सायकल घेऊन येतो. त्यांनी तो दोरा माझ्या टाचेपासून डोक्यापर्यंत लावून पाहिला. मी जेमतेम चार फूट दहा इंच. "तुमच्यायेवढी झाली नं पोट्टी!" म्हणाले, आणि दोऱ्याकडे बघतच राहिले.

"सायकल काय अकोल्यात मिळत नाही?" मी चिडवलं.

"भेटते ना. पन थे बापानं आनेल नसते."

पुढच्या शुक्रवारी सायकल आली. लाल, लेडीज, चकचकीत... आणि फ्रेम एवढी उंच की सीट पार खाली बसवली तरी माझे पाय पेडलला पोचेनात. "दादा, दोरा होता ना हाताशी?" तर म्हणतात, "होता. पन म्या वाढत्या अंगाची घेतली." माझी जीभ पहिल्यापासून तिखट. "हा काय फ्रॉक आहे, खालून दुमडून टीप घालायला? तिला या जूनमध्ये शाळेत जायचंय, तीन वर्षांनी नाही! नाहीतर बसेल घरी, भाकऱ्या थापत." ते सायकल घेऊन परत दुकानात गेले. दुकानदाराने हात झटकले, "रिटर्न मफी. खलास." म्हणजे परत घेणं नाही, विषय संपला. रजेला दहा दिवस उरले होते. परत येऊन आमच्या जिन्यात बसले. "ताई, फुडच्या टायमाले जाईन तवा थे केवढी असन, मले काय मालूम? म्हून मोठी घेतली..." तिच्या वाढण्याची जी वर्षं त्यांना बघायला मिळणार नव्हती, त्यांच्या मापाची त्यांनी सायकल घेतली होती. मी बोलले त्याची मला अजून लाज वाटते.

पण हातावर हात ठेवून बसणारा माणूस नव्हता तो. चार दिवसांत वर्कशॉपमधून लाकडाचे ठोकळे घेऊन हजर. "हे घ्या तुमची दुमड!" पेडलला दोन्ही अंगांनी नटबोल्टने बसवायचे. असे तीन संच, एकापेक्षा एक पातळ, आणि त्यांवर बॉलपेनने लिहिलेलं: आठवी, नववी, दहावी. दर जूनला जाडी कमी करत जायची. सगळ्यात जाड ठोकळे लावून इमारतीमागच्या मोकळ्या जागेत मी चक्कर मारली. वसईत सायकलवरच वाढलेली बाई मी, तरी दादा कॅरियर धरून मागे धावत होते. "हळू, सुजाता... समोर पाह्य!" नाव चुकलं हे त्यांच्या ध्यानातही आलं नाही. मी ओ दिली.

त्या जूनमध्ये सुजाता शाळेत गेली. दोन वर्षांनी पुढची रजा संपवून आल्यावर दादा म्हणाले, "ताई, सायकल लहान पडली." बापाची फुशारकी म्हणून मी हसून सोडून दिलं.

परवा दादांच्या स्मृतीच्या विधीला, पुण्यानुमोदनाला, अकोल्याला गेले होते. माणसं पांगल्यावर सुजाताने माळ्यावरून एक खोका काढला. "मावशी, नववीत माझे पाय ठोकळ्यांशिवायही पोचायचे. पण आठवीचेच ठोकळे लावलेले, म्हणून गुडघे हँडलला लागायचे. आई ओरडायची, काढ ते. मी नाही काढले. मी काढले असते, तर बाबांना कसं दिसलं असतं मी किती वाढले ते?" दादा रजेवर आले, तिला सायकलवर बसवलं, गुडघे पाहिले आणि पाना घेऊन आठवीचे ठोकळे त्यांनी स्वतः काढले. मग नववीचे हातात घेऊन अंगणात बसून राहिले... जेवायला हाका मारल्या तरी उठेनात.

ते ठोकळे सुजाताने मला दिले. दादांच्या अक्षरात 'नववी' लिहिलंय, आणि लाकडावर एकही ओरखडा नाही.