हिटरपाशी ठेवलेल्या बाटल्या

मी इन्फंट्रीचा हवालदार. शाळा चौथीपर्यंत. पेन्शन घेतली आणि ऐंशीच्या सुमारास कतारला गेलो, मेसईदला एका कारखान्यात ड्रायव्हर म्हणून. पुढं आमच्याच सेक्शनचा नाईक धोंडिराम तिथं क्रेनवर लागला. दोघांना एकच खोली मिळाली. पलटणीत तो मला उस्ताद म्हणायचा, तिथंही तेच. मी हुकूम सोडायचो, तो ऐकायचा. त्यात काही वावगं आहे असं दोघांनाही वाटलं नाही.

फौजेत रम मिळायची. कतारात आमच्यासारख्याला दारू बंद, सापडलो तर नोकरी खलास. तरी धोंडिरामनं मला विचारून बिअर करायला घेतली. दुकानात बिनदारूचं माल्टचं पेय मिळायचं. ते, साखर आणि पाव फुगवायचं यीस्ट प्लास्टिकच्या कॅनमध्ये घालायचं. तोंडाला नळी, नळीचं टोक पाण्यात. बुडबुडे थांबले की काचेच्या बाटल्या भरून बुचं घट्ट लावायची.

पहिला घाणा आंबटढोण. दुसऱ्याला पावाचा वास. तिसरा मात्र असा उतरला की मेसचा आचारी म्हणाला, "नाईक, क्रेन सोड, गुत्ता टाक."

चौथा डिसेंबरात घातला. एकाहत्तरच्या लढाईत सेक्शनमधले जे गेले त्यांच्या स्मरणाचा दिवस जवळ आला होता. मला त्या दिवशी बिअर हवी होती.

धोंडिराम म्हणाला, "उस्ताद, थंडीनं सावकाश चाललंय. अजून बुडबुडे येतायत. आठवडा द्या."

"भर बाटल्या. हिटरपाशी ठेव, होतंय."

"गॅसनं फुटतील."

"नाईक, हुकूम दिलाय."

"जी, उस्ताद."

स्मरणाच्या दिवशी संध्याकाळी मी दाढी करत होतो. एक बाटली फुटली. बाकीच्या हलवायला धोंडिराम धावला. दुसरी त्याच्या हातात फुटली. काच उजव्या डोळ्यात गेली.

टॉवेल बांधला, पिकअप काढली, दोहाचं हॉस्पिटल गाठलं. वाटेत तो एवढंच बोलला, "आचाऱ्याला सांगा, उरलेलं मोरीत ओत म्हणावं. तुमच्यावर यायला नको."

डोळा गेला. क्रेनवर एका डोळ्याचा माणूस चालत नाही. त्याला घरी पाठवलं. मी राहिलो, बरीच वर्षं, पगार घेत.

सुट्टीवर आलो की बायको म्हणायची, त्याच्या घरी जा, माफी मागा. मी गेलो नाही. ती वारली तेव्हा तोच आला. ओट्यावर शेजारी बसला. मी म्हणालो, "धोंडिराम, माझं चुकलं."

तो म्हणाला, "त्या बाटल्या भरताना एक घोट घेतला होता, उस्ताद. तिसऱ्या घाण्यापेक्षा चांगली झाली होती."

गेल्या पौषात तो गेला. मी उजव्या बाजूनं खांदा दिला. वयानं लहान, नोकरीत ज्युनिअर, तरी माझ्याआधी गेला. मला न विचारता त्यानं केलेलं तेवढं एकच.