पहिल्या नंबरचं गाणं आणि काकूंचं 'येते'

गाणं अमेरिकेतल्या कंट्री संगीताच्या चार्टवर पहिल्या नंबरला पोचलं त्याच आठवड्यात काकू म्हणाल्या, "अमोल, मला नॅशव्हिलला ने." टेक्सासमधल्या अर्विंगमध्ये मी त्यांच्याकडे भाड्याने राहतो. माझं बूड तसंही घरात टेकत नाही. शनिवारी आम्ही निघालो.

गाणं ज्या बँडचं, तो चौघांचा. त्यात फिडल, म्हणजे व्हायोलिन, वाजवणारी आणि हे गाणं लिहिणारी ऋचा ही काकूंची मुलगी. गाण्यातली बाई शेजारणीकडून निघताना "आय अ‍ॅम कमिंग" म्हणते आणि निघून जाते. शेजारीण पोर्चवर वाट बघत बसते. हे खरंच घडलेलं. आपण निघताना 'जाते' म्हणत नाही, 'येते' म्हणतो. अमेरिकेत नव्या असताना काकूंनी त्याचं सरळ इंग्रजी केलं, आणि शेजारची डॉरथी आइस टी घेऊन संध्याकाळभर ताटकळली.

"अख्ख्या अमेरिकेसमोर माझं हसं केलं पोरीने," काकू गाडीत म्हणाल्या. "का केलं, ते तिच्याच तोंडून ऐकायचंय मला."

गाणं गाजायला लागल्यापासून त्यांनी 'येते' टाकून दिलं होतं. दारातून निघताना नुसतं "बाय". माझ्या कानांना ते खुपायचं.

जाणार असाल तर आय-थर्टी हायवेने लिटल रॉक आणि पुढे आय-फोर्टी, एवढं लक्षात ठेवा. लिटल रॉकजवळ मुक्काम करा, हायवेलगतची मोटेलं स्वस्त पडतात. शाकाहाऱ्यांनी दशम्या बरोबर ठेवाव्यात. सकाळी काकूंनी चहात बुडवायला बिस्किट मागितलं, तर जाडजूड पाव आला आणि वर मांसाचा पांढरा रस्सा!

मेम्फिसनंतर मी सारखा रेडिओची स्टेशनं बदलत होतो. कुठेही गेलो तरी तेच गाणं.

"बंद करू का, काकू?"

"नको. ऐकू दे काय काय म्हणते ती."

नॅशव्हिलला ब्रॉडवे या गजबजलेल्या रस्त्यावर पार्किंगच्या नादी लागू नका, लांब गाडी लावून चालत या. ऋचाचा कार्यक्रम एका छोट्या हॉलमध्ये होता. गाणं सुरू झालं आणि मी अस्वस्थ होऊन काकूंकडे बघायला लागलो. त्या मात्र लोकांकडे बघत होत्या. काउबॉय हॅट घातलेले आडदांड बाप्ये कोरस म्हणताना डोळे पुसत होते. हसत कुणीच नव्हतं.

ऋचा मागच्या दाराशी भेटली. काकूंनी आडवळण न घेता विचारलं, "माझी चेष्टा केलीस?"

"आई, नो! इथे सगळे गुडबाय म्हणतात. तू एकटी कमिंग म्हणायचीस. लहानपणी तू जॉबला निघालीस की मला वाटायचं, म्हणजे आई परत येणारच. दॅट्स द होल साँग, आई."

काकूंनी लेकीचा हात घट्ट धरून ठेवला. गाडीत बसताना त्यांना बायही म्हणता आलं नाही, येतेही.

परत आल्यावर पुढच्याच आठवड्यात गाणं चौथ्या नंबरवर घसरलं. मला फार लागलं ते. जिंकलेली मॅच हातची गेल्यासारखा मी घरभर फिरत होतो. काकूंनी आकडा ऐकला, "बरं," म्हणाल्या आणि डॉरथीकडे वाटीभर शिरा घेऊन गेल्या. खिडकीतून मला दोघी पोर्चवर बसलेल्या दिसत होत्या. निघताना काकू पायरीवर थांबल्या आणि मोठ्याने म्हणाल्या, "डॉरथी, आय अ‍ॅम कमिंग!"

"आय नो, हनी," डॉरथी म्हणाली. आत जाताना तिने स्वतःची खुर्ची उचलली, काकूंची तशीच ठेवली.