बाई भिलाईला उतरल्या

आई गेली त्या उन्हाळ्यात माझी प्रार्थना बंद पडली. मी ती मुद्दाम सोडली नव्हती. हात जोडून बसले की शब्दच येत नसत. नागपूरच्या मिशन कॉलेजात मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते. तिथल्या वसतिगृहात आम्हाला शिकवणाऱ्या बाई दर आठवड्याला आम्हा चारपाच मुलींना घेऊन बसत, पवित्र शास्त्र वाचत, आमच्या मनातलं ऐकून घेत. आता मी भिलाईच्या सेक्टर ६ मधल्या नव्या क्वार्टरमध्ये पोलादाच्या प्लांटला जाणाऱ्या बाबांचा डबा भरत होते. शिक्षण सोडायचं मी मनाशी ठरवलं होतं. बाबांना एकटं कसं टाकू, असं शेजारणींना सांगत असे. खरं तर ज्या देवानं माझं ऐकलं नाही, त्याचंच नाव रोज जिथे घेतात तिथे परत जायला मन धजत नव्हतं. हे मी कुणालाही कळवलं नव्हतं.

कॉलेज उघडायला थोडे दिवस उरले असताना एका दुपारी दार वाजलं. दारात बाई. साडी धुळीनं लाल झालेली. रायपूरला सभेसाठी निघालेल्या बाई मध्येच भिलाईला उतरल्या होत्या, आणि चर्चच्या मंडळीतल्या लोकांना विचारत विचारत घरापर्यंत आल्या होत्या.

"तुमी कावून उतरल्या, बाई?" बाबांनी विचारलं.

"मलाही नीट सांगता येणार नाही. गाडी थांबली आणि मला आत बसवेना."

आता या उपदेश करतील म्हणून मी तयारीत बसले. त्यांनी पाणी पिऊन विचारलं, "तुझ्या आईला काय काय आवडायचं गं?"

इतक्या माणसांनी सांत्वन केलं होतं, पण हे कुणी विचारलं नव्हतं. मी सांगू लागले. अंबाडीची भाजी. उपासनेत सगळ्यांच्या वर चढणारा तिचा आवाज. मग तिचा ताप, माझी विनवणी, आणि शेवटी, 'तू का ऐकलं नाहीस?' म्हणत देवाला मी इतके कडू बोल लावले की माझं मलाच नवल वाटलं. बाईंनी एकदाही अडवलं नाही. मी थांबले तेव्हा त्यांनी डोकं लववलं आणि म्हणाल्या, "आमेन."

"बाई, ही काय प्रार्थना होती?"

"मग इतका वेळ तू कुणाशी बोलत होतीस?"

उंबऱ्यावर बसलेले बाबा हळूच म्हणाले, "मी बी त्याले हेच विचारून राहिलो. मले वाटे, मी एकटाच हाय." मग म्हणाले, "तू कॉलेजात जाय पोरी. भाकर मले करता येते."

दुसऱ्या दिवशी बाईंना गाडीत बसवायला मी स्टेशनवर गेले. फार दिवसांनी काहीतरी जाणून घ्यावंसं वाटत होतं. मी विचारलं, "तुम्हाला कधी त्याचं उत्तर मिळालं?"

"माझा धाकटा भाऊ गेला तेव्हापासून विचारतेय," बाई म्हणाल्या. "अजून नाही मिळालं."

त्यांनी खोटा धीर दिला असता तर मी कदाचित परत गेलेच नसते. आज माझ्याकडेही विद्यार्थिनी येऊन बसतात. त्यांना काय सांगायचं हे मी आधी ठरवत नाही, ते प्रभूवर सोपवते. त्याचे आभार मानता मानता मध्येच काहीतरी विचारायची सवय मात्र माझी सुटलेली नाही, आणि त्यानंही ती सोडवलेली नाही.