पांढऱ्या फुलाचा वास

यंदा मार्चच्या दुसऱ्या रविवारी, सकाळी सातच्या सुमारास, बोथमधल्या आमच्या अंगणातल्या कुंडीत ॲक्विलेजिया या थंड प्रदेशातल्या फुलझाडाचं पहिलं फूल उमललं. फूल पांढरं होतं. पाच पाकळ्या, मागे पाच नळ्या, टोकाला आत वळलेल्या. घरात मी एकटा होतो.

बी माझ्या पत्नीने आणलं होतं. ती तलमडुगुकडच्या शाळेत शिक्षिका होती. मे महिन्याच्या सुटीत सहकाऱ्यांबरोबर हिमाचलला गेली. तिथे मुक्कामाच्या घरी एकाच वाफ्यात या फुलाच्या दोन पांढऱ्या जाती होत्या. एकीला वास होता, दुसरीला नव्हता. माळ्याने दोन पुड्या बांधून दिल्या आणि थंड जागी ठेवायला सांगितलं. तिने पुड्यांवर ‘वासाचं’ आणि ‘बिनवासाचं’ असं लिहून त्या फ्रीजच्या दारात ठेवल्या. वासाचं झाड दाराजवळ हवं, वह्या तपासायला ती तिथे बसते, असं तिने सांगितलं होतं. पेरणी राहून गेली. त्याच वर्षी दिवाळीनंतर ती वारली.

तिच्या पुण्यानुमोदनाच्या विधीच्या दिवशी फ्रीज रिकामा करताना मी दोन्ही पुड्यांतलं बी एका डबीत ओतलं. कागद ओले झाले होते, ते टाकून दिले.

पुढच्या जूनमध्ये मी ते कापसासारखं टोबलं: बोटाने भोक, भोकात दोन दाणे, वरून माती. माझ्या वडिलांच्या शेतात तसंच टोबत. एकही दाणा उगवला नाही. नंतर वाचलं की या बियांना उजेड लागतो, त्या मातीवर नुसत्या पसरायच्या असतात. उरलेलं बी नोव्हेंबरमध्ये तसं पसरलं. सात रोपं आली.

शेजारीण कुंपणावरून वाकली. ती माझ्या पत्नीची मैत्रीण. तिच्याकडे कापसाची शेती आहे.

“काऊन हो भाऊजी, कोथिंबीर लावून राह्यले का?”

पानं तशीच दिसतात. तिने एक पान चुरगाळून हुंगलं.

“याले तं वासच नाही. असली कोथिंबीर कोनाच्या कामाची?”

“फुलाचं झाड आहे.”

“मंग फूल कुठी हाय?”

उन्हाळ्यात सहा रोपं मेली. सातवं न्हाणीघरामागच्या सावलीत ओल्या गोणपाटाआड राहिलं. पावसाळा त्याने काढला. यंदाच्या थंडीनंतर त्याला एक कळी आली, आणि मी कुंडी दाराजवळ ठेवली.

दोन्ही जातींच्या नळ्या सारख्या, रंग सारखा. फरक फक्त वासाचा. करोनाच्या आजारानंतर मला वास येत नाही. पत्नी असताना दूध करपलं की ती सांगायची. फूल उमललं तेव्हा मी नाक लावून पाहिलं. काही कळलं नाही.

दूधवाल्याला विचारलं. तो गाडीवरून न उतरताच म्हणाला, “साहेब, मले सर्दी हाय.” शेजारीण मुधोळला लेकीकडे गेली होती. बुधवारी परतेल, असं तिच्या घरून कळलं. सोमवारी आणि मंगळवारी दुपारी मी कुंडीवर छत्री धरून बसलो. फूल टिकलं. या दोन दिवसांत दूधवाल्याशिवाय घरी कोणी आलं नाही.

बुधवारी संध्याकाळी ती पिशवी हातात घेऊनच आली. चप्पल न काढता वाकली.

“येते ना वास. तुमाले नाही येत?”

“कसा आहे?”

“कसा म्हंजे? गोड. जाईवानी नाही, थोडा हलका.”

“नक्की?”

“आता का जमिनीच्या पहाणीत नोंद करता? येते म्हनलं ना.” मग तिने पुन्हा वाकून हुंगलं. “बाईले हेच पायजे होतं का?”

मी हो म्हणालो.

बातमीला दुसरा साक्षीदार लागतो, ही माझी वार्ताहराची सवय आहे. गुरुवारी वास सांगणारं कोणी आलं नाही. माळ्याकडे दोन्ही जाती शेजारी होत्या, म्हणजे बी संकराचं असू शकतं. त्यामुळे जातीचं नाव मी कुंडीवर लिहिलेलं नाही. ‘वास आहे’ एवढंच लिहिलं आहे, खाली बुधवारची तारीख.

शुक्रवारी दुपारी पाकळ्या गळाल्या. देठावर पाच बारीक हिरव्या शेंगा आहेत.