टिकारामचा आपत्तीचा चाकू

पवनीच्या खालच्या आळीतल्या टिकारामला लोक अजून ‘कंट्रोलर’ म्हणतात. एसटी स्टँडवर बसून गाड्या सोडण्यात त्याची सगळी नोकरी गेली. माइकवर त्याने ‘थांबा’ म्हटलं की हललेली लाखांदूर गाडी जागच्या जागी उभी राहायची. त्या शब्दाची त्याला अशी चटक लागली, की निवृत्तीनंतरही ती सुटेना. घरात मात्र त्याला कोणी जुमानत नसे. बायको उषाबाई कधी थांबली नाही, आणि मुलगी टीना तर लग्न होऊन साकोलीला गेली. थांबायची ती एकटी कपिली गाय. चाऱ्याकडे निघालेली असली तरी ‘थांब’ म्हटलं की मान वळवून उभी. टिकारामचा तिच्यावर जीव होता यात नवल नाही. आपलं ऐकणारं कोणाला आवडत नाही?

मागच्या महापुरात वैनगंगा आळीत शिरली तेव्हा कपिली गुरांच्या कोठ्यात खुट्याला बांधलेली होती. नायलॉनचं दावं, आणि पाण्याने आवळून बसलेली गाठ. टिकारामने एका हाताने तिची मान कवटाळली, ‘थांब माय, थांब’ म्हणत दुसऱ्या हाताने गाठीशी झटत राहिला. नखं तुटली, गाठ हलली नाही. पाणी छातीला लागलं तेव्हा शेजारच्या कवडूने त्याला बखोटीला धरून छपरावर ओढून घेतलं. कपिली खालीच राहिली. तिने धडपड केली नाही, त्याच्याकडे बघत उभी राहिली, आणि ते टिकारामने छपरावरून पाहिलं. पुढे कित्येक दिवस त्याच्या घशाखाली घास उतरला नाही. उतरला त्या दिवशी ताटावरच तो म्हणाला, की खिशात एक चाकू असता तर गाय वाचली असती.

ते कोणी खोडून काढलं नाही. दुसरा कोणी असता तर कमरेला विळा खोचून मोकळा झाला असता. टिकारामने चाकू निवडायला घेतला, आणि जावई निवडताना केली नव्हती एवढी चौकशी केली. मोबाईलवर परदेशातले दाढीवाले लोक जंगलात बसून चाकूंबद्दल बोलायचे. त्यातलं अक्षर कळत नसूनही हा मान डोलवायचा. भंडाऱ्याहून एक चाकू आणला, तो उघडायला दोन हात लागायचे. ‘माझ्या एका हातात गाय असते,’ असं दुकानदाराला ऐकवून तो परत केला. दुसरा आला लाल मुठीचा, पोटात पंधरा हत्यारं घेऊन. त्यात माशाचे खवले काढायची पट्टी होती, टिकाराम माळकरी. घोड्याच्या टापेतला खडा काढायचा आकडाही होता, आणि खालच्या आळीत घोडा येतो तो नवरदेवाला घेऊन, तोही भाड्याचा. तिसऱ्याचं पातं चांगलं होतं, पण मूठ काळी. चिखलात पडला तर सापडणार कसा?

असं करता करता दुसरा पावसाळा आला. या धामधुमीत उषाबाईने भावाला सोबत घेऊन गुरांच्या बाजारात खेपा घातल्या आणि एक तांबडी गाय आणली. गाय कसली, आग्यामोहोळ. टिकारामने ‘थांब’ म्हटलं की ती हटकून चालायला लागायची. त्याने तिचं नाव भवानी ठेवलं आणि बायकोला म्हणाला, की वस्तू पारखून घ्यायची तुला अक्कल नाही, माझ्याकडून शीक जरा. उषाबाईने शेणाची पाटी उचलली आणि ती निघून गेली.

शेवटी चाकू ठरला. नारिंगी मूठ, एका अंगठ्याने उघडणारा, अर्धं पातं करवतीसारखं दात्यांचं, दोर कापायला. चंद्रकुमारच्या हार्डवेअरच्या दुकानात त्याचं पाकीट फोडताना चार माणसं जमली होती. त्या दिवसापासून टिकारामच्या पायजम्याच्या खिशात चाकू आणि तोंडात एकच म्हण, तहान लागल्यावर विहीर खणून उपयोग नाही. रोज सकाळी अंगणात सराव. एकदा सरावाच्या भरात वाळत घातलेल्या लुगड्यांची दोरी कापली गेली आणि उषाबाईची धुतलेली चार लुगडी चिखलात बसली. ती दोरी सोडली तर त्या चाकूने काही कापायचं नाही असा दंडक होता. कवडू खताचं पोतं फोडायला मागायला आला तर टिकारामने विचारलं, ‘हे आपत्ती होये का?’ लोणच्याच्या कैऱ्या, पोराच्या वाढदिवसाचा केक, पायात रुतलेला काटा, सगळ्यांना हाच प्रश्न. कवडू काटा तसाच घेऊन लंगडत गेला.

आणि मग टीना बाळंतपणाला माहेरी आली. मुलगी झाली. बाळंतिणीच्या उशाशी लोखंड ठेवायची रीत, म्हणून उषाबाईने विळा काढला. टिकारामने आधी अंधश्रद्धेवर भाषण दिलं. पण नात रात्री दचकून रडायला लागली तेव्हा भाषण आवरलं. तान्ह्या डोक्याजवळ उघडा विळा कोण ठेवतो, असं म्हणत त्याने स्वतःच्या हाताने नारिंगी चाकू मिटून उशीखाली सरकवला. नात झोपली. योगायोग असेल, पण टिकाराम दुसऱ्या दिवशी आळीभर सांगत फिरला, की पोलाद चांगलं असलं की फरक पडतोच.

त्याच आठवड्यात पाऊस लागून राहिला आणि भोंग्याची गाडी फिरली, की खालच्या आळीने वरच्या शाळेत जावं. उषाबाईने टीनाला आणि बाळाला गोधडी-उशीसकट ऑटोत बसवलं. निघताना ती म्हणाली, गाय आत्ताच सोडा. टिकाराम म्हणाला, अजून वेळ झाली नाही. त्याचंही बरोबर होतं. दोन पावसाळे ज्या घडीसाठी तयारी केली ती घडी कोरड्या अंगणात गाठ सोडून वाया घालवायची कशी? तो कोठ्याच्या दारात बाजेवर पाण्याची वाट बघत बसला. आयुष्यात पहिल्यांदा त्याची गाडी वेळेवर येणार होती.

पाणी आलं. घोट्याला, गुडघ्याला, मांडीला. मग कंट्रोलर उठला, एका हाताने भवानीची मान धरली आणि दुसरा हात खिशात घातला.

खिसा रिकामा होता. दुसराही रिकामा. ऑटोतून शाळेत गेलेली उशी त्याच्या डोळ्यांसमोर आली. तेच दावं, तीच भिजलेली गाठ, तीच तुटकी नखं. तो गाठीवर वाकला, आणि तोंडातून सवयीने निघालं, ‘थांब माय, थांब.’

भवानी कोणाची थांबते? तिने मानेला असा हिसका दिला की टिकाराम पाण्यात उताणा पडला. दुसऱ्या हिसक्याला मऊ झालेल्या जमिनीतून खुटा मुळ्यासारखा उपटून आला. गाय निघाली ती तडक चढाकडे. टिकारामने फक्त दावं धरलं आणि फरफटत, ठेचकाळत तिच्यामागे गेला.

शाळेच्या पटांगणात लोकांनी जल्लोष केला. चंद्रकुमार पुढे येऊन म्हणाला, की चाकू कामी आला म्हणायचा, आता असे दहा मागवतो. कवडूलाही हवा होता. टिकारामच्या हातातल्या दाव्याची गाठ शाबूत होती आणि टोकाला चिखलाने माखलेला खुटा लोंबत होता. तो त्या खुट्याकडे बघत राहिला आणि तिथेच पायरीवर बसला. उषाबाई पोत्याने गायीची पाठ पुसत होती.

‘मीच तिले थांब थांब म्हनत होतो, टीनाचे माय,’ तो म्हणाला. ‘कपिलीले. मान धरून ठेवली होती मी. नाई त खुटा तिनंच उपटला असता.’

‘माहीत हाये मले. पूर उतरल्यावर तो खुटा मी एका हातानं काढला होता.’

टिकारामने डोळे पुसले. ‘मंग बोलली काहून नाई?’

‘तुमी तवा नुकतेच जेवाले लागले होते,’ उषाबाई म्हणाली आणि पोतं पिळून पुन्हा गायीच्या पाठीवर टाकलं. ‘तुमी चाकू निवडत बसले. मी गाय निवडली, तुमचं न आयकनारी.’