उंबऱ्यावरची ड्युटी

देवीच्या जत्रंच्या दिशी देवळाच्या दारात आमी चौघं होतो. मी, सरूबाई. माझ्या जोडीची होमगार्ड शांता. आमचे सेक्शन लीडर भगवानसाहेब. अन् वायरलेसवाला पोलीस रफिक. गाव धारूरच्या डोंगरपट्टीतलं. नाव घेत न्हाई.

मी चौथी शिकले. मालक लवकर गेले. मेंढरं इकावी लागली, मंग होमगार्डात भरती झाले. खाकी साडी, शिट्टी, काठी. परेड, निवडनूक, जत्रा. जिथं लावतेत तिथं हुभं ऱ्हायचं.

शांता लई देवभोळी. देवळात चपला काढून ड्युटी करायची. मला डिवचायची.

"सरूबाई, देवीच्या दारात हुभी हायस अन् हात जोडीनास. कावून गं?"

"हातात काठी हाय."

"अन् ड्युटी सुटल्यावर?"

"तवा भाकरी थापायच्या आसतेत."

रफिक हसला. "शांतामावशी, ऱ्हाऊ द्या. जोडलेले हात बघून देवी बी कट्टाळली आसंल."

माझी पैली लेक नवसाची. सटवाईपासून पीरापातूर समदं केलं. रांगायच्या आधीच गेली. तवापासून मी कुनाला काय मागत न्हाई. राग बी न्हाई.

साहेबांची ऑर्डर एकच होती. "उंबऱ्याशी कुनाला वाकू द्यायचं न्हाई. चालतं ठिवा." आपल्या बाया उंबऱ्याला डोकं टेकल्याबिगर आत जात न्हाईत. दार बारकं. एक वाकली की मागची तिच्या अंगावर येती.

दुपारची आरती सुरू झाली. आरती चुकू न्हाई म्हनून मागून लोंढा आला. कडंवर लेकरू घेतलेली एक सून वाकली. मी शिट्टी मारली. "चल बाई, चल!" ती वाकलेलीच. मागच्या बाया तिच्यावर आल्या. कडंचं लेकरू निसटून उंबऱ्याआड पडलं.

शांतानं काठी टाकली अन् लेकरावर पालथी झाली. हाताच्या कोपरांवर आंग तोलून धरलं. तिच्यावर बाया पडत गेल्या.

रफिक वायरलेसवर वरडत होता. "मेन गेट बंद करा. ओव्हर."

"आवाज येईना. परत सांगा. ओव्हर," गेटावरनं आलं.

"मानसं चेंगरायलीत! गेट बंद!"

गेट बंद झालं. साहेब अन् मी एकेक बाई वढून काढली. सून जित्ती निघाली. समद्यात खाली शांता.

मी तिच्या पोटाखाली हात घातला. काय गवसंल याचं भ्या होतं. हाताला ऊन लागलं, अंगाची ऊब. लेकराची छाती हालत होती.

"लेकरू?" शांता म्हनली.

"जित्तं हाय. रडायलंय."

"मंग बरं."

आत घंटा चालूच होती. त्या वक्ताला मला वाटलं, हितं कोनी तरी हाय. गाभाऱ्यात न्हाई. शांताचं पोट अन् लेकराची छाती, ह्या दोहोंच्या मधी जेवढी जागा उरलती, तिथं. त्याला तोंड न्हाई, नाव न्हाई. नवस लागत न्हाई त्याला. पन माझा हात त्याला लागला.

जीप दवाखान्याला पोचायच्या आधी शांता गेली. माझ्या मांडीवर. साहेबांनी टोपी काढली.

गाव म्हनलं, देवीनं लेकरू वाचिवलं. मी भांडले न्हाई. शांताची सासू मला म्हनली, "जल्मभर पुजलं पोरीनं, अन् देवीनं तिलाच नेलं."

मी म्हनले, "आक्का, नेलं न्हाई. ती आपल्या पायानं गेली."

म्हातारी लई येळ माझा हात धरून बसली.

आता माझं वय झालं. खाकी कवाच उतरली. सांजच्याला मी अंगनात गप बसते. हात आजून बी जोडीत न्हाई. शांता ध्यानात आली की छातीत ऊन वाटतं. त्याला मी मानते.

वाचनाऱ्यांनी एवढं करा. देवळात जावा न्हाईतर जाऊ नका, तुमची मर्जी. गर्दीत उंबऱ्याला वाकू नका. चालत ऱ्हावा. मागं कुनाच्या तरी कडंवर लेकरू हाय.