परातीतली बाई

मला जुने दगड गोळा करायचा नाद आहे. घरचे खूळ म्हणतात. म्हणोत बापडे! वरकुट्याच्या आमच्या शेतात पाइपलाइनची चारी खोदताना झाकणबंद मातीचं भांडं निघालं, त्यात ती होती. वीतभर उंचीची, मोठ्या पोटाची, मुंडकं नसलेली दगडाची बाई. पुण्याचे एक जाणकार सर म्हणाले, "फार जुनी. लोखंड यायच्या आधीची असावी. हिला कशासाठी पुजत होते, कोण जाणे." पोटाच्या घडीत तांबडा रंग टिकला होता, तेवढाच काय तो पुरावा. तपासणीला नेईपर्यंत पाणी लागू देऊ नका, असं त्यांनी मला पुन्हापुन्हा बजावलं.

त्याच आठवड्यात लेकीला आठव्या महिन्यातच रक्त जायला लागलं. बारामतीच्या दवाखान्यात आत एकालाच थांबू देत होते. जावई थांबला. मी घरी, फोन मुठीत धरून. जीव नुसता टांगणीला.

पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेले आणि ओरडलेच. वरकुट्याहून आलेल्या ह्यांच्या आत्यांनी परातीत पाणी ओतून बाईला आत बसवलं होतं. संकटात देव पाण्यात घालायचा, काम झाल्याशिवाय काढायचा नाही, हे आमच्याकडे पोराटोरांनाही ठाऊक. पण म्हणून ही मूर्ती?

"आत्या, अहो काय केलंत! रंग जाईल तिचा!"

"रंगाचं काय घिऊन बसलीस? पोरगी तिकडं कशी हाय!"

"ही कशाची देवी, ते तरी माहीत आहे का तुम्हाला?"

"न्हाय बा. पर पोटुशी हाय न्हवं? तिला कळंल."

डोकंच फिरलं माझं. मूर्ती काढायला हात घातला. पाणी तांबूस व्हायला लागलं होतं. तेवढ्यात फोन वाजला. जावई म्हणाला, "आई, बाळाचे ठोके कमी झालेत. ऑपरेशनला घेतायत."

हात पाण्यातच राहिला. माझा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता, आजही नाही. पण मी हिला काढलं आणि तिकडं काही बरंवाईट झालं तर? बाईचे खांदे पाण्यावर उघडे होते. मी तांब्या भरून आणला आणि खांद्यांवर ओतला. मग आणखी एक.

संध्याकाळी नात झाली. दोघी वाचल्या. मी स्वयंपाकघरात भुईवर बसून हमसून हमसून रडले.

सकाळी सरांचा फोन आला. "रंग शाबूत आहे ना?"

"रंग गेला, सर," मी म्हणाले. "लेक शाबूत आहे."